इसरूचं पडणं

पुणे, १२ ऑगस्ट २०२४

आत्या, सप्रेम जयभीम.

फोनवर मी नुसतं "हो हो" करते, हा तुझा आरोप मान्य. म्हणून पेन हातात घेतलंय. शिवाय आजची गोष्ट पत्राच्याच लायकीची आहे.

'धडामवीर' हा सिनेमा तू पाहिला नसशील. यातल्या महावीराला उडता येतं, पण उतरता येत नाही. उतरताना तो दरवेळी कुणाच्या तरी छपरावर, म्हशीवर नाहीतर वरातीवर आदळतो. त्यातला जंगलातल्या गावाचा प्रसंग सध्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. शेताच्या मचाणावर एक राखणदार बसलाय, खाली वाघ. धडामवीर येतो, राखणदाराला कमरेला धरून उचलतो, मोहाच्या फांदीला लटकवतो आणि स्वतः गावकऱ्यांसमोर छाती काढून उभा राहतो. वाघ खाली बसून जांभई देतो. तेवढ्यात राखणदार धाडकन खाली येतो, वाघच घाबरून पळतो. राखणदार जमिनीवरून ओरडतो, "उचला रे मले, उचला!" आणि धडामवीर त्याच्यासोबत सेल्फी काढतो.

तो राखणदार कोण, सांग? आपला इसरूभाऊ! तुझ्या मागच्या खोल्यांत भाड्यानं राहणारा. लहानपणी तूच मला त्याची नाटकं बघायला न्यायचीस. मला ओरडावंसं वाटलं, हा आमचा माणूस आहे म्हणून.

मी त्या प्रसंगावर लेख लिहिलाय. हसू का येतं, याचे सिद्धान्त त्याला लावून पाहिलेत. दुसरा पडला की आपल्याला आपण उंच वाटतो, हा एक. अपेक्षेच्या उलट घडतं, म्हणजे माणसाऐवजी वाघ पळतो, हा दुसरा. ताण एकदम सुटतो, हा तिसरा. आणि माझा आवडता चौथा: काहीतरी भयंकर घडतंय, पण कुणाला खरं लागलेलं नाही, ही खात्री असेल तरच माणूस हसतो. ती खात्री इसरूभाऊचं कसब देतं, असं मी मांडलंय. हे पडणं लेखकानं लिहिलेलं नाही, दिग्दर्शकानं सांगितलेलं नाही, झाडीपट्टी रंगभूमीवरच्या नटानं ते आयत्या वेळी स्वतः घडवलं, हा माझा निष्कर्ष. त्याचा स्टेजवरचा मेल्याचं सोंग घेण्याचा पार्ट मी दहा वेळा पाहिलाय, मला कळणार नाही तर कुणाला?

लेख सोबत पाठवतेय. पुढच्या महिन्यात छापून येईल. इसरूभाऊ आता मुंबईत असतो म्हणे. त्याचा नंबर पाठव.

तुझी
दिव्यानी


गडचिरोली, २५ ऑगस्ट २०२४

चि. दिव्यानी, अनेक आशीर्वाद.

लेख वाचला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये वर्गात हसलं की हातावर एक पट्टी बसायची, आणि का हसलीस हे सांगितलं की दुसरी. तुझा लेख वाचताना ती दुसरी पट्टी कशासाठी असायची ते आता कळलं.

दुसरा पडला की आपण उंच वाटतो, हे शिकायला तुला परदेशी पुस्तकं लागली. तुझ्या पणजीला ते गावच्या विहिरीवर फुकटात शिकवलं होतं. राहिलेले तीन सिद्धान्त मी सोडून देते, कारण मला तुला एकच सांगायचं आहे: हा लेख छापू नकोस.

कारण विचारू नकोस. मी कुणाला तरी शब्द दिला आहे आणि तो मला कागदावरही मोडता येत नाही. दिवाळीच्या आधी दोन दिवस इकडे ये. समोर बसवून सांगते. इसरूचा नंबर मागू नकोस आणि त्याला शोधत फिरूही नकोस.

लेख थांबव. एवढं माझं ऐक.

तुझी आत्या
मनकर्णा


पुणे, २० सप्टेंबर २०२४

आत्या, जयभीम.

तुझं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. सदतीस वर्षं शिकवलंस, मुख्याध्यापिका झालीस, आणि भाचीच्या पहिल्या मोठ्या लेखावर तुझं म्हणणं काय, तर छापू नको. कारणही नाही.

कारण मला ठाऊक आहे. झाडीपट्टीचं नाटक तुझ्या लेखी गावंढळ. मला न्यायचीस खरी, पण पहिल्या रांगेत बसून ओठ मिटून असायचीस. सगळा मंडप लोळायचा आणि तू रुमालानं चष्मा पुसायचीस. तुझ्या सिस्टरांनी मनकर्णेची मोनिका केली ती केलीच. इसरूसारख्या माणसावर विद्यापीठात कुणी लिहावं, हे तुला पटत नाही.

असो. लेख आलाय, अंक सोबत आहे. सिनेमावाल्यांनीच तो आपल्या पानावर लावला, "अभ्यासकांनीही वाखाणलेला प्रसंग" असं लिहून. माझे गाइड आता माझ्याशी उभं राहून बोलतात. फेब्रुवारीत एका कॉलेजात कायमच्या जागेची मुलाखत आहे आणि हा लेख माझा हुकमी एक्का.

दिवाळीला जमणार नाही.

दिव्यानी


गडचिरोली, १ डिसेंबर २०२४

दिव्यानी,

इसरू गेला. गेल्या महिन्यात, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. माझा शब्द त्याच्यासोबत संपला, आता सगळं लिहिते. बसून वाच.

तो मुंबईला कधीच गेला नाही. दीड वर्ष माझ्या घराच्या मागच्या खोलीत, खिडकीला पडदा लावून पडून होता. कमरेखाली त्याला काही उरलं नव्हतं. पाठीला जखमा झाल्या, त्या चिघळल्या. आम्ही दोघी, त्याची बायको रुखमा आणि मी, त्याला कूस बदलून द्यायचो. शेवटी ताप उतरेना.

हे लपवायचं कशाला, म्हणशील. तुला झाडीपट्टीचा एवढा अभ्यास, तर हेही ठाऊक असेल की दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांपासून होळीपर्यंत नाटकं होतात आणि त्यांचं ठरतं ते पावसाळ्यात. गावोगावची मंडळं वडशाला, नाटकमंडळ्यांच्या गावी, जाऊन आधी विचारतात, विनोदी नट कोण? पोस्टरवरचं ते एक नाव एकदा पुसलं की त्या जागी दुसरा बसतो. इसरूला वाटायचं, यंदा नाही तर पुढच्या वर्षी उभा राहीन. म्हणून त्यानंच उठवलं, इसरू मुंबईले गेला, सिनेमात काम करून राह्यला. माझ्याकडून वचन घेतलं. "बाई, लंगड्याले कोनी हासत नाई, कीव करते. कीव आली का माह्या धंदा बसला."

आता ते पडणं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्याच गावाच्या शिवारात शूटिंग झालं. गावकरी म्हणून त्याचेच गाववाले उभे केले होते. रुखमाही त्यांच्यात होती. त्याला पट्ट्यानं फांदीला अडकवायचं, मग हळूच उतरवून घ्यायचं आणि पडायचं काम कपडे घातलेल्या गवताच्या पुतळ्यानं करायचं, असं ठरलं होतं. खाली भाताच्या पेंढ्याची तणीस पसरायची, तीही अजून आली नव्हती. पट्ट्याचा हूक निसटला.

तो पडला आणि ओरडला, "उचला रे मले, उचला!" सगळे हसले.

मेल्याचा पार्ट तू दहा वेळा पाहिलास ना? मग आठव. तो स्टेजवर मेल्यासारखा पडायचा, मग उचला म्हणून ओरडायचा, आणि जो उचलायला जाईल त्याला चिमटा काढून ताडकन उभा राहायचा. वीस वर्षं त्यानं या लोकांना शिकवलं होतं की इसरूला उचलायला जाईल तो मूर्ख. कोण जाईल? तो जेवढा कळवळून ओरडे तेवढा हशा वाढे. कुणीतरी शिट्टी मारली. कॅमेरा चालू होता. चहा आला, लोक चहा प्यायले, आणि तो मोहाखाली तसाच. रुखमा हसत हसत जवळ गेली, म्हणाली, "उठा आता, चहा थंडा होऊन राह्यला." त्यानं चिमटा काढला नाही, तेव्हा तिला कळलं.

तुला वाटलं मी पहिल्या रांगेत ओठ मिटून बसायची. मी हसताना डोळ्यांतून पाणी येतं म्हणून चष्मा पुसायची, बाई. हसल्यावर दात दिसू द्यायचे नाहीत हे कॉन्व्हेंटचं वळण, तेवढं खरं.

आता कामाचं. रुखमानं सिनेमाच्या कंपनीला नोटीस पाठवली आहे. मागणी एकच. तिचे शब्द लिहिते: "पैशाचं मंग पाहू. ते पडनं पयले काढा. सारा मुलूख पाहून राह्यला, माह्या पोरीच्या शाळेत दाखवते." दीपिका आता नववीत आहे. तिच्या वर्गातली मुलं एकमेकांच्या वाढदिवसाला तिच्या बापाचं मरण पाठवतात.

कंपनीच्या वकिलाचं उत्तर आलं. ते म्हणतात, हूक नटानं स्वतः सोडला. अपघात नव्हे, अदाकारी. पुरावा म्हणून जोडलं आहे काय? तुझा लेख. "नटाला लहानपणापासून ओळखणाऱ्या अभ्यासक महिलेनं सिद्ध केलं आहे की हे पडणं त्यानं आयत्या वेळी स्वतः घडवलं."

रुखमाला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "हे आपल्या दिव्यानीनं लिवलं?" मी हो म्हटलं.

लेख मागे घे. लेखी. लगेच.

मनकर्णा


पुणे, १५ डिसेंबर २०२४

आत्या,

पत्र वाचल्यापासून मला तो आवाज येतोय. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला असेल? थांबवून, मागे नेऊन, सावकाश करून. त्याचा चेहरा मी मोजमाप घेतल्यासारखा पाहिला आणि मला काही दिसलं नाही.

पण मलाही बोलू दे. तू ऑगस्टमध्ये एक ओळ लिहिली असतीस, "त्याला खरं लागलंय", तर हा लेख बाहेर आला नसता. तू इसरूभाऊचा शब्द राखलास आणि मला तोंडावर पडू दिलंस.

मी गाइडशी बोलले. ते म्हणतात, लेख मागे घेणं म्हणजे स्वतःच्या हातानं आपलं नाव खोडणं. मुलाखत दोन महिन्यांवर आहे. त्यांनी सुचवलंय, पुढच्या अंकात छोटी पुस्ती द्यावी: "सदर प्रसंगाबाबत वेगळी माहितीही उपलब्ध होत आहे." सिद्धान्तांची मांडणी तशी चुकलेली नाही, असं त्यांचं मत. प्रेक्षकांना खात्री होती, म्हणून प्रेक्षक हसले. तेवढं तर खरंच आहे ना?

रुखमावहिनीला काय सांगू, कळत नाही. थोडा वेळ दे.

दिव्यानी


गडचिरोली, ९ जानेवारी २०२५

दिव्यानी,

"वेगळी माहितीही उपलब्ध होत आहे." हे वाक्य मी रुखमाला वाचून दाखवलं नाही. तिला समजावून सांगावं लागलं असतं, आणि माझी जीभ तेवढी धजली नाही.

ऑगस्टमध्ये न सांगितल्याचा दोष माझ्या पदरात घाल. मी तो उतरवून ठेवणार नाही. पण तो माझ्या पदरात आहे म्हणून तुझा पदर रिकामा होत नाही.

सोमवारी चंद्रपूरला मध्यस्थांपुढे बैठक झाली. निवृत्त न्यायाधीश, पांढरे केस, बोलायला मऊ. कंपनीचा वकील नागपूरहून आलेला. मध्यस्थ म्हणाले, आधी तो प्रसंग तर पाहू. भिंतीवर लावला. रुखमा माझ्या शेजारी मान खाली घालून. मचाण झालं, वाघ झाला, तो पडला, ओरडला, सेल्फी झाली. आणि ते गृहस्थ हसले. मोठ्यानं नाही. फस्सकन, नाकातून, शिंक यावी तसे. लगेच तोंडावर हात नेला. वकिलाला काही म्हणायची गरजच उरली नव्हती.

बाहेर आल्यावर मी त्या माणसाचा उद्धार करायला तोंड उघडलं तर रुखमा म्हणाली, "राहू द्या बाई. मीबी हासलीच होती."

पुढची बैठक १७ फेब्रुवारीला. मध्यस्थांनी सांगितलं आहे, लेख लिहिणाऱ्या बाईंना येऊन बोलायचं असेल तर बोलावं. पुस्ती वगैरे पाठवू नकोस. येणार असशील तर ये. नसशील तर मला पत्रही लिहू नकोस, माझ्या वयाला आता राग झेपत नाही.

मनकर्णा


पुणे, २८ जानेवारी २०२५

आत्या,

काल एक केलं, ते आधी सांगते.

मी तासिकेवर शिकवते, त्या वर्गात मुलांना सगळं सांगितलं. हा नट खरा पडला, त्याच्या मणक्याचा चुरा झाला, दीड वर्षानं तो मेला, ओरडतोय ते खरं आहे. दोन मुली रडल्या. मग म्हटलं, आता बघा. लावलं. तो पडला तेव्हा वर्ग गप्प होता. वाघ पळाला तरी गप्प. मग धडामवीरनं सेल्फीसाठी मोबाइल उंच धरला, त्याखाली इसरूभाऊ ओरडतोय, आणि मागच्या बाकावरून एक हसू फुटलं. मग दुसरं. मग सगळा वर्ग. रडलेल्यांपैकी एक मुलगी पण. आणि आत्या, माझेही ओठ हलले.

हसायला खात्री लागते, हे मी छापून बसले होते. काही लागत नाही. सिनेमा कापून जोडणाऱ्यानं बरोबर जागी कापलं की माणूस हसतो, समोर मढं असलं तरी. मग लोक हसले यावरून तो खोटा पडला, हे मी कुठून काढलं? माझा सगळा लेख त्या एका उडीवर उभा होता.

लेख मागे घेतल्याचं पत्र संपादकांना आज पाठवलं. त्याची नक्कल सोबत आहे. गाइडना सांगितलं, ते खुर्चीतून उठले नाहीत. मुलाखतीचं बोलावणं आता येईलसं वाटत नाही.

सोळाला संध्याकाळी पोचते. रुखमावहिनीला सांगू नकोस, मी स्वतः तिच्यासमोर उभी राहीन.

दिव्यानी


गडचिरोली, ६ एप्रिल २०२५

चि. दिव्यानी, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर लिहीन लिहीन म्हणत महिना उलटला. तडजोडीचा कागद हातात आल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं.

ती बैठक मी रोज एकदा तरी मनात घोळवते. वकिलानं विचारलं, "मॅडम, प्रसंग पाहून तुम्ही हसलात?" तू म्हणालीस, हो. "दरवेळी?" हो. "मग हा विनोद नाही, असं कसं म्हणता?" आणि तू म्हणालीस, "तो मेला हे कळल्यावरसुद्धा मी हसले. माझं हसू त्याच्या पडण्याबद्दल काहीच सांगत नाही, ते फक्त माझ्याबद्दल सांगतं. हूक त्यानं सोडला हे मी पाहिलेलं नाही. ती माझी कल्पना होती आणि मी ती पुराव्यासारखी लिहिली." मध्यस्थ टेबलाकडे बघत होते. मला वाटतं ते आपली शिंक आठवत असावेत.

खालच्या पट्टीत बोलली असतीस तर अधिक चांगलं झालं असतं. पण चांगलं बोललीस.

तडजोड अशी. कंपनीनं अपघात मान्य केला. ते पडणं सिनेमातून काढलं. आता म्हणे राखणदार झाडावर लटकलेलाच राहतो आणि एकदम पुढचा प्रसंग सुरू होतो. दीपिकाच्या शिक्षणाचंही काही ठरलं आहे. मी पेढे आणले. रुखमानं एक घेतला, हातात धरून बसली, आणि मग ठेवून दिला.

कागदावर सही करून आम्ही चंद्रपूरहून बसनं परत निघालो. वाटेतलं मूल गाव मागे पडलं असेल नसेल, आणि मागच्या सीटवरून आवाज आला: "उचला रे मले, उचला!" आणि दोन-तीन जणांचा हशा. सिनेमातून काढलं, पण लोकांच्या खिशात ते आहेच की. तिथं कोणता मध्यस्थ जाणार? मी रुखमाचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि उठली.

मागे एक पोरगेला माणूस बसला होता, कुठल्या तरी खाणीवरचा असावा, पोशाखावर कोळशाची काजळी होती. रुखमा दांडीला धरून त्याच्यासमोर उभी राहिली.

"दाखव बरं मले."

त्यानं हसत मोबाइल पुढे केला. "पाहा काकू, लय मजा हाये. हा पाहा, कसा पडते."

तिनं पूर्ण पाहिलं. मी तिला त्या प्रसंगाकडे डोळे उघडे ठेवून बघताना पहिल्यांदाच पाहिलं. मग ती म्हणाली, "हा माह्या मालक होय. इथी तो खरंच पडला. मंग मेला."

त्यानं मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवला. "माफ करा काकू. मले काय माहीत. आताच मिटवतो." त्यानं आमच्यासमोर ते मोबाइलमधून काढून टाकलं. बिचारा घामाघूम झाला होता. काहीतरी चांगलं बोलावं, म्हणून त्यानं शोधून शोधून काढलं, "पर काकू, एक सांगू? असं पडाले कोनालेच नाई जमनार. लय मोठा कलाकार होता तुमचा मालक."

मी उठायला गेले. त्याच्या कानाखाली द्यावी की काय, असं झालं होतं मला. पण रुखमाला राग आलेला नव्हता. ती त्याच्या शेजारच्या सीटवर टेकली आणि आपल्या घरच्या पोराला सांगावं तसं म्हणाली,

"होता बाबू, लय मोठा होता. हजारदा पडला असंन स्टेजवर, अंगाले माती नाई लागू दे. चांगला पडे तो. हे त्याचं पडनं नोहे."

तुझी आत्या
मनकर्णा